एक घराणे, एक वस्तू

आग लागली तर आधी काय उचलायचं, हा प्रश्न वासंतक्कांनी जानेवारीत समाजाच्या बैठकीत मांडला, आणि मार्च उजाडेपर्यंत त्यांची खात्री पटली की या चर्चेपेक्षा आग परवडली असती.

समाजाची इमारत चिकपेट बाजाराच्या अगदी पोटात. खाली साड्यांचं घाऊक दुकान आणि त्याचं गोदाम, वर समाजाचा दिवाणखाना, आणि दिवाणखान्याच्या तीन भिंतींना लागून काचेची कपाटं. कपाटांत एकेचाळीस वस्तू. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर, कचेऱ्यांबरोबर इकडे कानडी मुलखात येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांनी एकेक करून त्या समाजाला दिलेल्या. प्रत्येक घराणं सांगे, की आम्ही पहिल्या तुकडीबरोबर आलो. पहिल्या तुकडीत एवढी माणसं होती, की दुसऱ्या तुकडीत बहुधा नुसते घोडेच आले असावेत.

वासंतक्का समाजाच्या मानद चिटणीस. सरकारी दप्तरखान्यात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. एकाहत्तरीचे अध्यक्ष त्रिविक्रम अण्णासुद्धा त्यांना अक्काच म्हणत, कारण नोंदवही त्यांच्या ताब्यात होती. या नोंदवहीत त्यांच्या हातून एकही चुकीचं अक्षर गेलेलं नव्हतं, आणि याचा त्यांना जो अभिमान होता तो त्या साधेपणाच्या पदराखाली झाकून ठेवत. पण पदर अधूनमधून सरके.

हा आगीचा विषय आला तो मैत्रेयीमुळे. मैत्रेयी पुण्याची. नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, आणि ही स्वतः जुन्या वस्तूंच्या जतनाचं शिक्षण घेतलेली. पहिल्याच भेटीत तिनं भाषणाच्या खुर्चीमागे टांगलेलं मळकट कापड उलटून पाहिलं. या कापडावर चाळीस वर्षं टाचण्यांनी ‘सुस्वागतम्’ची अक्षरं लावली जात होती. उलट्या बाजूला काय आहे हे बघायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

उलट्या बाजूला सगळी जुनी पेठ होती. आठ फूट लांब कापडावर रंगवलेली. गल्ल्या, विहिरी, तेलाचे घाणे, हातमागवाल्यांची ओळ, नखाएवढी घरं आणि त्यांवर मोडीत बारीक पुसट अक्षरं. एका विहिरीवर पाणी भरणारी बाई होती, तिच्या लुगड्याचा काठसुद्धा दिसत होता.

“काकू, असं दुसरं कुठं असेल असं मला नाही वाटत,” मैत्रेयी म्हणाली. “आणि तुम्ही ह्याला टाचण्या टोचताय!”

अक्कांना काकू म्हटलेलं खटकलं, पण टाचण्या जास्त खटकल्या. त्यांनी त्याच दिवशी नकाशा उतरवला, मैत्रेयीनं तो मऊ कापडात घालून बांबूवर गुंडाळला, आणि नोंदवहीत पाहिलं तर क्रमांक ४१ समोर लिहिलेलं: ‘कापड, रंगीत, एक. इमारत घेतली तेव्हापासून माळ्यावर.’ देणगीदाराच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

“आणि काकू, जुन्या वस्तूंच्या बाबतीत जे काही लिहायचं ते पेन्सिलीनं,” मैत्रेयीनं शिकवलं. “चुकलं तर पुसता येतं. आमच्यात हा पहिला नियम.”

दुसरा नियम म्हणजे यादी. बैठकीत तिनं बोटांवर मोजून समजावलं. “आग लागली, पाणी शिरलं, तर तुमच्याकडे पाच मिनिटं आणि सहा हात असतात. बस्स. तेव्हा विचार करायला वेळ नसतो. म्हणून आधी ठरवायचं, पहिल्या नंबरला काय, दुसऱ्याला काय. प्रायॉरिटी लिस्ट.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. शास्त्रीय गोष्ट होती. मग चिकपेटमधलेच कापडाचे व्यापारी रत्नाकर म्हणाले, “पहिल्या नंबरची अडचण नाहीच. आमची चांदीची काठी आहे.”

“काठी वितळली तरी चांदी जागेवरच राहते,” पोथ्या देणाऱ्या घराण्यातले भीमाचार्य म्हणाले. “पोथ्यांची राख होते.”

“पोथ्या तुम्हाला पाठ आहेत की, आचार्य.”

“म्हणजे जळू देत म्हणता?”

“अय्यो, मी कुठं म्हटलं? दुसरा नंबर घ्या.”

“दुसरा?” पानात कोणी कांदा वाढावा तसा आचार्यांनी तो शब्द पानाबाहेर सारला.

“आणि आमच्या घराण्याचं?” त्रिविक्रम अण्णांनी विचारलं.

“तुमचे पत्ते?” रत्नाकर गालात हसले. “ते न्यायलाच पाहिजेत, अण्णा. बाहेर थांबलेल्या लोकांनी वेळ कसा घालवायचा?”

हसू उसळलं. अण्णा हसले नाहीत. त्यांच्या घराण्यानं समाजाला दिला होता गंजिफांचा एक डाव. हाताने रंगवलेली, रुपयापेक्षा थोडी मोठी गोल पानं, विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, एकशेवीस पानं, एकही कमी नाही; आणि ती ठेवायला लाखेनं रंगवलेली लाकडी पेटी. अक्का दर दसऱ्याला ती पानं मोजत आणि मोजता मोजता मत्स्य-कूर्म बघत बसत. पण अण्णांना वाटे, लोकांच्या आजोबांनी काठ्या दिल्या, पोथ्या दिल्या, सनदा दिल्या. आणि आमच्यांनी काय दिलं, तर पत्ते. वकिलीत चाळीस वर्षं काढलेला, हिरव्या शाईनं लोकांच्या दस्तऐवजांवर खुणा करणारा माणूस. त्याच्या घराण्याचं नाव जुगाराच्या कपाटावर!

दुसऱ्या बैठकीला पहिल्या नंबरवर अकरा वस्तू होत्या. तिसऱ्या बैठकीला तेवीस. मैत्रेयीनं लाल गोल चिकटपट्ट्या आणल्या होत्या, पहिल्या पाच वस्तूंच्या कपाटांवर लावायला. त्या एका आठवड्यात संपल्या, आणि सगळ्या काचांवर देवी आल्यासारखी लाली पसरली. चौथ्या बैठकीनंतर ती अक्कांना म्हणाली, “काकू, ही वस्तूंची यादी नाहीये. ही घराण्यांची यादी आहे.”

“हे तुला आज कळलं होय?” अक्का म्हणाल्या. “मी एकतीस वर्षं सरकारात काढली. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी सुम्मने बसले, गप्प, कुणी शहाणा निघतो का बघायला.”

अखेर अण्णांनी स्वतः ठराव लिहून आणला. एक घराणे, एक वस्तू. ज्याची त्याने उचलावी. एकदा खाली उतरलेल्याने पुन्हा वर जाऊ नये. चिटणीसांनी नोंदवही घेऊन मागल्या अंगणात उभे राहावे आणि बाहेर आलेल्या वस्तूवर खूण करावी. ठराव एकमतानं मंजूर झाला. समाजाच्या इतिहासात एकमतानं झालेली ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे दर बैठकीत कॉफी मागवणे.

“आणि एकेचाळीस नंबर?” अक्कांनी विचारलं.

“तो कोणाचा?”

“कोणाचाच नाही. म्हणून तर विचारते.”

रत्नाकर म्हणाले, त्या वेळी जो रिकामा असेल तो बघेल. भीमाचार्य म्हणाले, त्या कापडाला खळ कसली आहे देव जाणे, प्राण्याचा सरस असेल, मला हात लावता येणार नाही. अण्णा म्हणाले, “ठरावात बसत नाही, अक्का.”

अक्का स्वतः उचलू शकत नव्हत्या. आठ फुटी बांबूला दोन माणसं लागतात, आणि ठरावाप्रमाणे त्या अंगणात उभ्या. घरी जाऊन त्यांनी, जसा दप्तरखान्यात करत तसा, शांतपणे हिशेब मांडला. कोण किती लांब राहतो, कोणाचे गुडघे कसे, कोणाकडे फोन, कोणाला मुलगे. रत्नाकरांचं घर आणि दुकान समोरच, पण आग लागली तर ती पसरेल या धास्तीनं ते आधी आपल्या दुकानातल्या साड्या काढणार; त्यात चूकही नाही. आचार्यांना जिना चढायला दहा मिनिटं. राहिले त्रिविक्रम अण्णा. पलीकडच्याच गल्लीत घर, फोन आहे, आणि रविकिरण आणि उपेंद्र असे दोन धट्टेकट्टे मुलगे. गंजिफांची पेटी काय, तळहाताएवढी. ती बगलेत मारली तरी चार हात मोकळे.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी नोंदवही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं, आणि क्रमांक ४१ समोरच्या आडव्या रेघेवर लिहिलं: ‘त्रिविक्रम यांचे आजोबा कै. व्यंकटराव यांनी ठेव म्हणून दिले.’ आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आलं, याचा त्यांना फार राग आला.

संध्याकाळी अण्णांना दाखवलं. “अण्णा, जुनं बघताना हे दिसलं.”

अण्णांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा पुसला.

“हौदा?” ते हळूच म्हणाले. म्हणजे, असं का? मग मोठ्यानं, “हो हो! आजोबा म्हणायचेच. पेठेचं काहीतरी कापड... पिवळ्या फडक्यात बांधलेलं. मी पाच वर्षांचा असेन.”

फडकं कधीच नव्हतं. पण आठवड्याभरात फडक्याला तांबडी किनार आली, पंधरा दिवसांत आजोबांना तो नकाशा कोणी दिला तेही आठवलं, आणि महिन्याभरात त्या देणाऱ्याचा घोडा कुठल्या रंगाचा तेही. रत्नाकरांनी तोंड वाकडं केलं, “पत्त्यांच्या घरात नकाशा कसा?” एवढं विचारलं, पण नोंदवहीपुढे काय बोलणार! अक्कांची वही म्हणजे अक्कांची वही.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चारला, अक्का पाचच्या बैठकीसाठी सतरंजी घालत होत्या. दुकानं बंद. खालच्या गोदामाच्या झरोक्यातून धुराची एक दोरी वर आली, मग दोरखंड, मग खालून काहीतरी फटाफट फुटल्याचा आवाज. अक्कांनी आधी आगीच्या बंबाला फोन केला, मग अण्णांना, मग रत्नाकरांना. मग नोंदवही छातीशी धरून मागल्या लोखंडी गोल जिन्यानं अंगणात उतरल्या. ठराव तो ठराव.

अण्णा सहा मिनिटांत आले, दोन मुलांसह, पायात चपला नाहीत. रत्नाकर आले ते खरोखरच आधी आपल्या दुकानात शिरले, आणि मग धापा टाकत येऊन चांदीची काठी घेऊन उतरले. आचार्यांचा जावई पोथ्यांचं गाठोडं घेऊन खाली आला. आणखी पाच-सहा घराण्यांची माणसं आपापलं घेऊन उतरली. अक्का खुणा करत होत्या. चार, नऊ, बारा, एकवीस.

मग जिन्याच्या वरच्या टोकाला बांबू दिसला. आणि तिथंच राहिला.

गोल जिन्यावरून आठ फुटी बांबू उतरवायचा विचार मैत्रेयीनं केला नव्हता, अक्कांनी केला नव्हता, एवढ्या बैठकांत कोणीही केला नव्हता.

“वळव! उजवीकडे वळव!” अण्णा ओरडत होते.

“वळवतोय, अप्पा!” रविकिरण बापाला म्हणाला.

“अरे तुझ्या उजवीकडे! माझ्या नव्हे!”

“तुम्ही माझ्याकडे तोंड करून उभे आहात, मला कसं कळायचं?”

“स्वल्प खाली. खाली! बांबू नाही, तू खाली!”

“अप्पा, मोडून टाकू का?” उपेंद्रनं विचारलं.

“मोडतोस? आजोबांची ठेव आहे ती!”

धूर आता खिडक्यांतून लोळत होता. अक्का खालून ओरडल्या, “सज्ज्यावरून सोडा! अण्णा, सज्ज्यावरून!” शेवटी अण्णांनी खांद्यावरचं अंगवस्त्र काढलं, रविकिरणनं शर्ट काढला, दोहोंची गाठ मारून बांबूचं एक टोक बांधलं, आणि तो पाळण्यातल्या पोरासारखा हळूहळू खाली सोडला. रत्नाकरांनी काठी भिंतीला टेकवून खालून झेलला. एका कोपऱ्याला बांबूची फट लागून कापड चारेक बोटं फाटलं. बाकी पेठ शाबूत. तिघं उतरले, खोकत, डोळे लाल.

अक्कांनी एकेचाळीसवर खूण केली. मग वर पाहिलं, अण्णांच्या बगलेकडे पाहिलं, रविकिरणच्या उघड्या अंगाकडे आणि उपेंद्रच्या खिशांकडे पाहिलं.

“अण्णा, पेटी?”

“कसली पेटी?”

“गंजिफा! सतरा नंबर!”

अण्णांनी स्वतःचे दोन्ही हात वर करून बघितले, जणू कुठल्या तरी बोटात ती अडकली असेल. “एक घराणे, एक वस्तू,” ते म्हणाले. “ठराव...”

“अहो, ती तळहाताएवढी आहे!”

रविकिरण जिन्याकडे धावला. तेवढ्यात बंबाची माणसं नळी ओढत अंगणात आली होती. बंब काही गल्लीत शिरला नव्हता. त्यातल्या एकानं रविकिरणला दंडाला धरून मागं ओढलं. “होगबेडी सर, होगबेडी! जाऊ नका वर.” नळीचं तोंड दिवाणखान्याच्या खिडकीकडे वळलं, काच फुटली, आणि पाणी आत गेलं. आग वर पोचलीच नाही. पाणी पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रेयी आली. सतरा नंबरच्या कपाटात पेटी तरंगून उलटी झाली होती, आणि पानांचा एक ओला गोळा झाला होता, भिजवलेल्या पोह्यांसारखा. ती चार दिवस टिपकागद आणि पंखा घेऊन बसली. एकेक पान सोडवायला गेलं की रंग बोटाला येई, दोन अवतार एकमेकांना चिकटून एकच व्हायचे. एकशेवीसपैकी सत्तावीस सुटली.

“काकू, एक सांगा,” ती थकून म्हणाली. “नकाशा वाचवलात, ग्रेट. पण हे? हे तर कोणाच्याही खिशात गेलं असतं. ह्याला माणूसच नव्हता का नेमलेला?”

“होता,” अक्का म्हणाल्या. “मी त्याला दुसरं काम दिलं.”

त्या दिवशी त्या दुकानात गेल्या आणि एक नवं खोडरबर विकत घेऊन आल्या. शंकाच नको म्हणून दोन घेतली. दिवाणखान्यात अजून ओल्या धुराचा वास होता. धांदलीत चार दिवस टेबलावरच राहिलेली नोंदवही उघडली, क्रमांक ४१ काढला, आणि बघतच राहिल्या. पेन्सिलीच्या प्रत्येक अक्षरावरून कोणीतरी काळजीपूर्वक गिरवलं होतं. हिरव्या शाईनं. ‘कै.’ आणि ‘व्यंकटराव’ यांच्या मध्ये बारीक अक्षरांत ‘श्रीमंत’ असं जास्तीचंही घातलं होतं.

अण्णा संध्याकाळी आले, ते नोंदीची नक्कल मागायला. पितळी पाटी करायची होती.

“अण्णा, बसा. ही नोंद मी लिहिलीय. एप्रिलमध्ये. मी. खोटी. तो नकाशा तुमच्या आजोबांनी दिलेला नाही. कोणीच दिलेला नाही. तुम्ही उचलावा म्हणून लिहिलं.”

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. “अक्का, तुम्हाला धूर लागलाय.”

“मला काही लागलेलं नाही! इथं आडवी रेघ होती. अजून दिसते बघा, तुमच्या हिरव्याखाली!”

“लिहिलंत तुम्ही, मान्य. सरी. पण सुचलं कसं? माझ्याच आजोबांचं नाव कसं सुचलं? खरं होतं म्हणून सुचलं.”

“तुमचं घर जवळ आहे म्हणून सुचलं! तुम्हाला दोन मुलगे आहेत म्हणून!”

“पिवळं फडकं तुम्ही लिहिलं होतंत का?” अण्णांनी साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं. “नाही ना? मग ते मला कुठून आठवलं?”

एकतीस वर्षांत अक्कांपुढे नाना तऱ्हेची कागदपत्रं आली होती. पण कागदाच्या मागून जन्मलेला पुरावा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. त्या कपाळाला हात लावून बसल्या. मग उठून टिपकागदावर वाळत घातलेली सत्तावीस पानं आणून अण्णांपुढे ठेवली.

अण्णांनी एक पान उचललं. वराह होता, अर्धा. दुसरं उचललं. बराच वेळ ते पानं लावत बसले, रंगाप्रमाणे, हातात पंख्यासारखी धरून. धरण्याची पद्धत सरावाची होती.

“आजी खेळायची,” ते म्हणाले. “दुपारी, जेवणं झाली की. माझ्याकडून हरली की पान खाली आपटायची.” या आठवणीला ना किनार होती, ना घोडा. “पेटी माझ्या डोळ्यांसमोर होती, अक्का. मी बघितली. म्हटलं, पत्तेच तर आहेत.”

अक्कांनी नोंदवही ओढली. क्रमांक १७ काढला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘१२० पैकी २७ शिल्लक. कारण: पाणी, आणि क्र. ४१ ची खोटी नोंद. ती मी केली.’ खाली सही, तारीख. मग पान उलटून क्रमांक ४१ च्या शेऱ्यात लिहिलं: ‘देणगीदार नाही. क्र. १७ पाहावा.’ पुन्हा सही, पुन्हा तारीख.

अण्णा वाकून वाचत होते. चेहरा पडला, पण हात आडवा घातला नाही. अक्कांनी लेखणी खाली ठेवल्यावर एवढंच म्हणाले, “अक्का, निदान पेन्सिलीनं तरी लिहायचं.”

“पेन्सिलीचं काय होतं ते पाहिलं मी,” अक्का म्हणाल्या, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरून बसल्या.